मागे लावायचं तोंड

कोसंबटोला, ता. चामोर्शी
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

श्री. आदेशराव यांस,
सप्रेम जय भीम.

इकडे सर्व खुशाल आहे. तुम्ही, इंदुताई आणि चि. साक्षी खुशाल असाल अशी आशा करतो. आमचा धान कापून झाला, मळणी झाली. यंदा तुडतुडा कमी होता. बांधावरच्या तुरी फुलावर आहेत. सीतेचे गुडघे थंडीमुळे दुखतात, बाकी तिची तब्येत बरी आहे. नवा तांदूळ भरडून आणला की तुमचं पोतं नेहमीप्रमाणे पाठवीन. मागचा तांदूळ अजून तुमच्याकडे शिल्लक आहे हे मला माहीत आहे. ते कसं माहीत, ते पुढे लिहितो.

पत्र लिहिण्याची सवय राहिली नाही. पण तुमचा फोन माझ्या नंबरवरून लागत नाही. म्हणून ज्यांनी आपली सोयरीक जमवली त्याच लटारूभाऊंच्या हातात हे पत्र देतो. तुमच्याच हातात द्या, असं त्यांना बजावलं आहे.

परवा लटारूभाऊ तुमचा निरोप घेऊन आले होते. २१ तारखेला तुमचं दुसरं लग्न आहे, चार माणसांत, साधंच, हे कळलं. वकिलाने लिहून दिलेला मोकळीकीचा कागद त्यांनी खाटेवर ठेवला, सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुली केलेली आहे. साक्षीला काही महिने फोन करू नये, नवीन आईची सवय होऊ द्यावी, हेही सांगितलं. सांगताना ते चुलीकडे बघत होते. आमची रोशनीच चहा घेऊन समोर उभी होती. ती म्हणाली, "लटारूभाऊ, मी इथी उभी आहो. चुलीत काऊन पाहून राह्यले?" त्यांनी कप घेतला, पण वर पाहिलं नाही. भला माणूस आहे. त्यांचा मला राग नाही.

तुमचाही नाही. हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं, आता राहू देतो.

तुम्ही नागपूरच्या दवाखान्यात एकदाच आलात. तेव्हा तिच्या तोंडावर पट्ट्या होत्या. त्या खोलीत पट्ट्या बांधलेल्या आणखी दोघी होत्या, आणि तुम्ही दारातच नर्सला विचारलंत, "यातली माझी कोणती?" नर्सने बोट दाखवलं. तुम्ही थोडा वेळ उभे राहिलात आणि मला बाहेर बोलावून म्हणालात, "तिले जंगलात काऊन पाठवलं तुम्ही?" त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही. आज देतो, कारण तुम्हाला ते कोणी सांगितलेलं नाही.

तिला आम्ही पाठवलं नाही. माहेरी आली की मोहफुलं वेचायला ती स्वतःच जायची. लहानपणापासूनची आवड होती. साक्षी अडीच वर्षांची होती, तिला सीतेच्या कुशीत झोपवून ती पहाटेच बायांबरोबर गेली. त्या वर्षी शेजारच्या गावात वाघाने एक माणूस नेला होता, म्हणून जंगल खात्याच्या लोकांनी सगळ्यांना मुखवटे वाटले होते. प्लास्टिकचे, डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचे. वाघ पाठीमागून येतो, त्याला मागेही तोंड दिसलं की तो येत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. सगळ्या मुखवट्यांचं तोंड एकच आहे. गोरा माणूस, गुलाबी गाल, बारीक मिशी, दात दाखवून हसतो. आमच्या रुखमाबाईने त्याला बघितल्याबरोबर नाव ठेवलं, जवाई. "कामधंदा नाई, मांगं पाहत बसते अन् हासते," म्हणाली. सगळ्यात जास्त रोशनीच हसली. "घरी बी तोच, जंगलात बी तोच," असं ती म्हणाली. राग मानू नका, तुमच्या आठवणीनेच म्हणाली होती.

वाघ आला नाही. अस्वल आलं, समोरून. मोहफुलं त्यालाही आवडतात, आणि ते पाठ बघून येत नाही. ती वाकलेली होती. आवाज फार झाला नाही म्हणतात. बाया पळाल्या, आणि थोड्या वेळाने हातात जळती लाकडं घेऊन परत आल्या. रोशनी पालथी पडली होती. मागचा मुखवटा वर होता आणि हसत होता. उजेड नीट नव्हता. त्या जवाईला ओरखडासुद्धा नव्हता. रुखमाबाईला वाटलं, पोरीने सोंग घेतलं. ती रागावली, "ऊठ ना वं, लय झालं नाटक! जीव गेला असता आमचा!" दुसरी एक तर हसायला लागली. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. तोंड शाबूत दिसत होतं ना. मग रुखमाबाईने तिला पायाने ढोसलं आणि उलटं केलं.

पुढचं लिहीत नाही. रुखमाबाई अजून आमच्या अंगणातून जात नाही, लांबून वळसा घालून जाते.

आता मी कसं ओळखलं तेही सांगतो, म्हणजे मला माझा मोठेपणा सांगायचा आहे असं वाटायला नको. मी पायाकडे पाहिलं. आमच्या घरात सगळ्यांच्या अंगठ्याजवळचं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे. साक्षीचंही आहे, पाहा कधी. तोंडाकडे बघून मीही ओळखलं नसतं. विहारात वंदनेला बसलो की हा विचार माझ्या मनात येतो. बांधावरून लांब कोणी चाललं तर आपण चालीवरून नाव सांगतो. अंधारात खोकला ऐकून सांगतो. मग घरात, दोन हातांवर, माणूस ओळखायला त्याचं तोंडच का लागतं? ज्याचं तोंड आहे त्याला तर ते दिसतही नाही. ते दुसऱ्यांसाठीच असतं. दुसऱ्यांनी बघणं सोडलं की मग ते कोणाचं, हे मला समजत नाही. बुद्धाच्या मूर्तीसमोर बसून मी उत्तर मागत नाही, तशी आपल्यात रीत नाही. फक्त बसतो.

मागच्या महिन्यात रेशनच्या केवायसीसाठी तिला घेऊन गेलो होतो. तिथल्या मुलाने मोबाईल धरला. मोबाईल म्हणतो, डोळे मिचकवा. तिला एकाच डोळ्याला पापणी आहे. तीन-चार वेळा केलं. तो मुलगा म्हणाला, "ताई, मशीन पकडून नाई राह्यली. आधारवरची बाई वेगळी दाखवते." मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "बरोबरच दाखवते." लोक हसले. शेवटी अंगठ्यावर काम झालं. घरी आल्यावर सीतेने काढून ठेवलेला आरसा तिने शोधून परत खिळ्याला टांगला.

पहिल्या ओळीत मी सर्व खुशाल लिहिलं. पंचशील घेतो तेव्हा खोटं न बोलण्याचं शील रोज तोंडाने म्हणतो, आणि पत्राची सुरुवात खोट्याने केली. पण ते खोडत नाही. पत्र तसंच सुरू करायचं असतं.

आता तांदळाचं.

दिवाळीच्या आधी, तुमची सुट्टी होती त्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला तुमच्या दारात एक भिकारीण आली होती. तुम्हाला आठवत असेल. न आठवण्यासारखं तिचं रूप नाही. दार तुम्ही उघडलंत. ती काही बोलली नाही. तुम्ही एक पाऊल मागे सरकलात आणि आत वळून म्हणालात, "आई, मागाले आली कोणी. देऊन टाक अन् दार लाव." साक्षी तुमच्या पायामागून डोकावली, किंचाळली आणि तुमच्या मांडीत तोंड लपवलं. तुम्ही तिला उचलून आत नेलंत. बापाने असंच करायचं असतं.

मी त्या वेळी गडचांदूरच्या बस स्टँडवर चहाच्या टपरीत बसलो होतो. मी सोबत येतो म्हणालो तर ती म्हणाली, "नाई बाबा. तुम्ही असले तं ते तुम्हाले पाहून मले ओळखतीन. मले पाहून ओळखतात का, तेच पाहाचं हाय." चेहऱ्यावर पदर घेऊन बसमध्ये बसली होती. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी तिने तो काढला. तिला असं वाटत होतं की दीड वर्ष झालं, पट्ट्या निघाल्या, आता एकदा समोर उभं राहिलं की ती बोलली नाही तरी उभं राहण्यावरून तुम्ही ओळखाल. चार वर्षं एका घरात राहिलात म्हणून तिला तसं वाटलं.

ती परत आली तेव्हा पदराला गाठ होती. मी विचारलं, काय आहे? तिने गाठ सोडली. तांदूळ होता, दोन वाट्या. मी चिमूटभर हातावर घेतला. आमच्या खालच्या बांधीत लाल दाण्याचा धान मिसळलेला आहे, कितीही निवडलं तरी जात नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. दरवर्षी तुम्ही त्यावरून माझी थट्टा करता. हातावर दोन लाल दाणे होते. माझाच तांदूळ माझ्या मुलीला भीक म्हणून मिळाला होता.

"सासूनं वाढलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "माझ्या फोटोले हार हाय बाबा. प्लास्टिकचा. धूळ बसून राह्यली त्याच्यावर."

घरी येऊन तिने तो तांदूळ शिजवला आणि खाल्ला. सीतेला एक घास दिला नाही.

तुम्ही ओळखलं नाही याचा दोष मी तुम्हाला देत नाही. खरोखर देत नाही. पट्ट्या निघाल्यानंतरचं तोंड तुम्ही पाहिलंच नव्हतं. पण जे मी लिहू नये म्हणून रोशनीने माझ्याकडून शब्द घेतला होता ते आता लिहितो. शब्द मोडल्याचं पाप मला लागो.

इंदुताई वाटी घेऊन दारात आल्या. रोशनीने पदर पसरला. एक वाटी त्यांनी ओतली, आणि ओतता ओतता त्यांचा हात थांबला. त्या दोघी एका चुलीवर इतकी वर्षं रांधत होत्या, पदर धरण्याची प्रत्येक बाईची एक पद्धत असते, काय दिसलं ते त्यांनाच माहीत. त्या आत गेल्या, दुसरी वाटी भरून आणली, ती ओतली, आणि अगदी हळू, तुम्हाला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाल्या, "रोशनी, जाय. पोरगी भेते." आणि दार लावलं.

म्हणजे तुमच्या घरात एका माणसाने तिला ओळखलं होतं. त्यांनी तुम्हाला सांगितलं की नाही, हे मला माहीत नाही. सांगितलं असेल आणि तरी तुम्ही लग्नाची तारीख काढली असेल, तर हे पत्र इथेच फाडून टाका. सांगितलं नसेल तर पुढे वाचा.

दिवाळीनंतरच्या रविवारी इंदुताईंच्या फोनवरून साक्षी माझ्याशी बोलली. दर रविवारी त्या लावून देत होत्या, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. माझा फोन जुना आहे, ऐकू येत नाही म्हणून मी स्पीकरवर ठेवतो. रोशनी अंगणात भांडी घासत होती. आई गेली असं साक्षीला सांगितलेलं आहे, म्हणून अशा वेळी रोशनी बोलत नाही, फक्त ऐकते.

साक्षी म्हणाली, "आजोबा, आमच्या इथी एक बाई येते."

"कोन बाई वं?"

"तिले तोंड नाई. मी जेवली नाई तं आजी तिले बोलावते. ती पोराइले घेऊन जाते."

अंगणातला भांड्यांचा आवाज थांबला. रोशनी राखेच्या हातांनीच जवळ आली आणि खुणेने म्हणाली, विचारा, जेवते का मग?

मी विचारलं, "मंग जेवते का तू?"

"जेवते ना. समदं जेवते. वांगं बी खाते आता."

फोन ठेवल्यावर रोशनी म्हणाली, "माझ्यापाशी वांगं खात नव्हती. किती मांगं लागली होती मी." आणि हसली. तिचं हसणं आता नुसत्या आवाजावरून कळतं. मग म्हणाली, "जाऊ द्या बाबा. माह्या नावानं दोन घास जास्त जाते न पोटात. माय अजून काय करते?"

आदेशराव, मी पन्नाशीला आलो. चौथीपर्यंत गावच्या शाळेत आणि पुढे दहावीपर्यंत चामोर्शीला शिकलो. माणसं एकमेकांना काय काय करतात ते पाहिलं आहे. अस्वलाने जे केलं ते मला समजतं. त्याला भीती वाटली. तुम्हाला किळस वाटली, तेही मला समजतं. पण आईच्या नावाने मुलीला घाबरवून जेवू घालायचं आणि त्याच आईच्या फोटोला हार घालून मुलीला रोज हात जोडायला लावायचे, ही गोष्ट ज्या घरात एकाच भिंतीखाली चालते, त्या घरी मी पोतं भरून तांदूळ पाठवत होतो. यंदाही पाठवीन. साक्षी तो खाते.

आता निरोपाचं उत्तर.

रोशनी सही करायला तयार आहे. मी नको म्हणालो, सीता रडली, पण ती म्हणते, "ज्यानं दारात ओळखलं नाई, त्याच्या घरी कोनत्या तोंडानं राहू?" स्वतःच्याच बोलण्यावर ती हसली, आम्हाला हसता आलं नाही. कागद मात्र लटारूभाऊंच्या हातात देणार नाही. येत्या रविवारी, १४ तारखेला, ती स्वतः घेऊन येईल आणि तुमच्या घरात, साक्षीसमोर सही करील. मी या वेळीही बस स्टँडवर बसेन.

साक्षीने किंचाळू नये म्हणून तिने एक उपाय काढला आहे. मला तो पटलेला नाही, पण तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. दवाखान्यातून परत मिळालेल्या गाठोड्यात तो मुखवटा होता. तिने तो घासून स्वच्छ केला, रबर नवं लावलं, आणि आता ती तो समोरून लावते. गल्लीतल्या लेकरांवर करून पाहिलं. तिचं तोंड पाहून पळणारी लेकरं मुखवटा पाहून जवळ येतात, मिशी ओढतात, "जवाई आला, जवाई आला" करतात. परवा तिने एका लेकराला मांडीवर घेऊन भरवलं. ते गोऱ्या मिशीवाल्या माणसाच्या तोंडाकडे बघत जेवलं. मी ओट्यावर बसून बघत होतो. पाणी बघून येतो सांगून मी बांधीकडे निघून गेलो. धान कापलेल्या बांधीत पाणी कसलं!

तर रविवारी तुमच्या दारात तो उभा असेल. हसत असेल, त्याला इलाज नाही. ती साक्षीशी बोलेल, साक्षीला भूक असली तर भरवेल, आणि शेवटी मुखवटा काढायचा की नाही हे साक्षीलाच विचारील. ती नाही म्हणाली तर नाही काढणार. तो तसाच लावून स्टँडपर्यंत परत चालत येईल. मी तुझी माय आहे, असं ती साक्षीला सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं आहे. तुम्ही साक्षीचा हात धरून, ही तुझी माय, एवढे शब्द म्हटलेत की ती सही करील. नाही म्हटलेत तरीही करील, हे तिने मला लपवून ठेवायला सांगितलं होतं. मी आज काहीच लपवायच्या मनःस्थितीत नाही.

फोटोवरचा हार त्या दिवसापुरता काढून ठेवू नका. तिने तो पाहिलेला आहे. पुसून मात्र घ्या.

आणि दार तुम्ही उघडा. इंदुताईंना उघडू देऊ नका, त्या ओळखतात.

साक्षीला पापा. इंदुताईंना जय भीम. तुमचं नवीन घर सुखाचं होवो, हे मी मनापासून लिहितो आहे, लिहिताना हात थांबला तरी.

आपला,
रविवारपर्यंत तुमचा सासरा,
त्यानंतर साक्षीचा आजोबा,
हरिदास